‘भांडी घासणं बायकांचं काम!’ हे पाच वर्षांच्या मुलाला कोण शिकवतं?

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो, घरकाम वाटून घेतो. तरी आमचा पाच वर्षांचा मुलगा म्हणतो, ‘भांडी घासणं बायकांचं काम.’ आमचं कुठे चुकलं?

उत्तर : चुकलंच असेल असं नाही. दोन-तीन वर्षांचं मूल स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणू लागतं. पण कपडे-केस बदलले तरी ही ओळख बदलत नाही, हे पक्कं कळायला पाच ते सात वर्षांचं वय यावं लागतं. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९६६ मध्ये हा टप्पा मांडला. तोवर मूल नियम गोळा करतं आणि सापडलेला नियम हट्टाने पाळतं. पाच-सहाच्या सुमारास हा कडकपणा ऐन भरात असतो. पुढे बहुतेकांचा सैल पडतो.

तेव्हा वाद घालू नका. ‘मुलगेसुद्धा भांडी घासतात’ हे तर म्हणूच नका. त्यातला ‘सुद्धा’ भांडी घासणारा मुलगा अपवाद आहे असंच सुचवतो. ‘मुलगे असे, मुली तशा’ ही सरसकट वाक्यं, हेतू कितीही चांगला असला तरी, मनातले कप्पे घट्ट करतात. त्यापेक्षा ‘काल बाबाने घासली, आज तू आणि मी विसळू’ म्हणा.

मग आठवडाभर कागदावर टिपा : काम कोणतं, कुणी केलं, मुलगा तेव्हा जागा होता का. बाबा रात्री अकराला भांडी घासत असेल, तर मुलाच्या हिशेबी ती घासलीच गेली नाहीत. ‘वाटून घेतो’ हा समजही या कागदावर बऱ्याचदा गळून पडतो.

प्रश्न : नवरा सांगितलेलं सगळं करतो, पण सांगावं लागतं. मीच थकते.

उत्तर : कारण त्याच्याकडे काम गेलंय, त्याची काळजी नाही. समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंगर यांनी २०१९ मध्ये या न दिसणाऱ्या कामाचे चार भाग पाडले : गरज आधी ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि पुढे लक्ष ठेवणं. यादी तुम्ही करून दिलीत की पहिले तीन तुमच्याकडेच राहतात, आणि ‘झालं का?’ विचारताना चौथाही.

म्हणून दोनच कामं निवडा, पण मुळापासून शेवटापर्यंत द्या. उदाहरणार्थ, मुलाचं लसीकरण : तारीख लक्षात ठेवण्यापासून रात्री ताप आला तर उठण्यापर्यंत. ‘पुरेसं नीट’ म्हणजे काय, हे आधी दोघांनी ठरवा. मग निदान दोन महिने आठवण करायची नाही आणि त्याने केलेलं पुन्हा करायचं नाही. बेत फसतो तो बहुधा इथेच. कपड्यांची घडी वाकडी दिसली की ती उलगडून पुन्हा घातली जाते, आणि ‘तुलाच जमतं बुवा’ म्हणायला त्याला आयतं निमित्त मिळतं. तारीख खरोखर चुकलीच, तर नवी वेळ त्यानेच घ्यायची.

मूल व्हायचं असेल तर ही वाटणी आधीच करा. पहिल्या बाळानंतर बरोबरीने काम करणारी जोडपीही जुन्या वाटणीकडे घसरतात. जो सुरुवातीचे महिने घरी असतो तो बाळात तरबेज होतो, आणि मग सगळं त्याच्याकडेच येतं.

प्रश्न : सत्तरीतल्या सासऱ्यांची मतं बदलतील का?

उत्तर : चर्चेने क्वचितच. नातवंडांचं एक ठरलेलं काम रोज त्यांच्याकडे द्या. मतांचं नंतर बघू.