विचारा, सांगतो : इंदुरातली शनिवारची रात्र

(इंदुरात हॉटेलच्या बारमध्ये कॅप्टन, म्हणजे वाढणाऱ्यांचा प्रमुख, म्हणून नोकरी केलेले आमचे सदरलेखक वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : आम्ही पुण्याचे सहा मित्रमैत्रिणी, सगळे पस्तिशीच्या आसपासचे. मित्राच्या लग्नाला इंदूरला येतोय. शनिवारची एक रात्र मोकळी आहे. पबमध्ये कुठे जावं, तो किती वाजेपर्यंत चालतो आणि त्याच रात्री सराफ्याची खाऊगल्लीही जमेल का? आमच्यातले दोघे पीत नाहीत.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : जमेल, पण संध्याकाळी लवकर बाहेर पडलात तर. बाहेरगावची मंडळी इथे येतात, नऊला आंघोळी उरकतात, दहाला निघतात आणि पबच्या दारात पोचेपर्यंत साडेदहा वाजलेले असतात. आमच्याकडे साडेअकराच्या सुमारास शेवटची ऑर्डर घेतात आणि बाराच्या आत टेबल रिकामं करायला सांगतात. मग लोक घाबऱ्याघाबऱ्या दोन-दोन पेग एकदम मागवतात, ते घटाघटा संपवतात आणि सराफ्यात जायच्या लायकीचे राहत नाहीत. असं झालेलं मी काउंटरमागून फार बघितलं आहे आणि दर वेळी वाईट वाटलं आहे, कारण इंदूरच्या रात्रीची खरी गंमत बारानंतर सराफ्यात आहे. पिणं हा तिचा पूर्वार्ध. तो आटोपशीर ठेवा.

इंदूर रात्रभर उघडं असतं असं तुमच्या कानावर आलं असेल. सप्टेंबर २०२२ मध्ये निरंजनपूर ते राजीव गांधी चौक या पट्ट्यात दुकानं रात्रभर उघडी ठेवायला परवानगी मिळाली होती. पुढे रात्रीच्या दारूबाजांविरुद्ध तक्रारी वाढल्या आणि जुलै २०२४ मध्ये ती मागे घेतली गेली. त्या भरवशावर येऊ नका.

पबचं नाव मी मुद्दामच देत नाही. विजयनगरात एक पाटी उतरते, दुसरी चढते, आणि अंक तुमच्या हाती पडेपर्यंत मी सांगितलेल्या जागी मोबाइलचं दुकान आलेलं असायचं. भाग सांगतो. गाणी, डीजे, गच्चीवरची टेबलं हवी असतील तर विजयनगर : सी-२१ आणि मल्हार मेगा मॉलच्या आसपासचा एबी रोड आणि मागची स्कीम ५४. नुसत्या पुरुषांच्या टोळक्याला शनिवारी दारातूनच परत पाठवतात. तुमच्यात मैत्रिणी आहेत, तुम्हाला अडचण नाही. तरी दुपारी फोन करून टेबल धरा आणि कव्हर चार्ज, म्हणजे आत शिरायचे पैसे, आहे का, तो बिलात वळता होतो का, हे तेव्हाच विचारून घ्या. गप्पा मारायच्या असतील तर सयाजी, रॅडिसन ब्लू, मॅरियट अशा मोठ्या हॉटेलांचे बार बरे. पैसे जास्त पडतात, पण एकमेकांचं बोलणं ऐकू येतं. बायपासवरच्या जागा छान असतात, पण तिथून सराफा लांब पडतो, त्या या खेपेला सोडा.

साडेसातला बसा. त्या वेळी बारमन निवांत असतो, ग्लास नीट धुतलेले असतात आणि माप नीट भरलं जातं. मापाकडे लक्ष द्या. लहान पेग ३० मिलिलिटरचा, मोठा ६० चा. धातूचं ते छोटं माप काठोकाठ भरायला हवं आणि ते आधी ग्लासात उलटं व्हायला हवं, बर्फ नंतर. घाईच्या वेळी बारमन आधी बर्फाचा ढीग टाकतो, वर माप तिरकं करतो आणि पाच-सात मिलिलिटर मापातच राहतात. टेबलाजवळ येऊन ओता असं सांगायला संकोच करू नका. चांगल्या कॅप्टनला त्याचा राग येत नाही.

आता बीअरचं. ‘मी फक्त बीअर घेतली’ म्हणणाऱ्यांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची, म्हणजे मोठ्या पेगमध्ये साधारण २६ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. ६५० मिलिलिटरची स्ट्राँग बीअर आठ टक्क्यांची असेल तर एका बाटलीत ५२. म्हणजे एक बाटली आणि दोन मोठे पेग यांत काही फरक नाही. बीअर घ्यायचीच तर इथल्या माउंट एव्हरेस्ट ब्रुअरीजची चाखून बघा, ही इंदूरचीच कंपनी आहे. पण मागवताना बाटलीवरचा टक्का वाचा आणि एक बाटली दोघांत घ्या.

मेन्यूत महुआ दिसली तर तिच्यावर माझा विशेष जीव आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे महुआची फुलं झाडाखाली पडतात, बायाबापड्या ती वेचतात, वाळवतात, मग आंबवून गाळतात. झाबुआ-आलीराजपूरकडच्या आदिवासींची ही पिढ्यान्‌पिढ्यांची दारू. सरकारनं तिला हेरिटेज दारू म्हणून मान्यता दिली आणि आलीराजपूर जिल्ह्यातला बचत गट ‘मोंड’ नावानं ती बाटलीत भरू लागला. सगळ्या बारमध्ये मिळत नाही. मिळाली तर लहान पेग घ्या, सोडा-कोला न घालता, गार पाण्याबरोबर. फुलांचा वास आधी नाकात येतो, चव नंतर.

तुमच्यातल्या न पिणाऱ्या दोघांबद्दल. ‘तू पीत नाहीस, मग गाडी तूच चालव’ असं त्यांच्या गळ्यात बांधू नका, तेही लग्नालाच आलेत. गाडी हॉटेलवर ठेवा आणि कॅब करा. कायद्यानं रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल चालत नाही; पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. रिकाम्या पोटी घाईनं घेतलेला एक मोठा पेगही ही मर्यादा ओलांडू शकतो. प्यायलात तर त्या रात्री स्टिअरिंगला हात लावू नका. बिलाचंही त्या दोघांना सोयीचं आहे : जेवणावर जीएसटी असतो, दारूवर तो नसतो, म्हणून बहुतेक ठिकाणी दोन बिलं वेगळीच निघतात. दारूचं पिणाऱ्यांनी वाटून घ्यावं. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. नको असेल तर काढायला सांगा आणि वाढणाऱ्याच्या हातात टीप द्या.

पबमध्ये थोडं खा, पोट भरू नका. साडेदहाला उठा. विजयनगरहून सराफा सात-आठ किलोमीटर, राजवाड्यापाशी उतरा आणि चालत आत शिरा. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे ठेले लागतात आणि रात्री एक-दोनपर्यंत गर्दी असते. सुरुवात भुट्ट्याच्या किसानं करा : कोवळं कणीस किसून, हिंग-जिऱ्याच्या फोडणीत दुधावर शिजवलेलं, वर लिंबू आणि ओलं खोबरं. पोटाला हलकं आणि गरम, पिऊन आलेल्याला याच्यासारखं काही नाही. मग जोशींकडे दहीबडा. प्लेट हवेत उडवून झेलतात ते सगळे बघतात. तुम्ही त्यांची चिमूट बघा, एकाच चिमटीतले निरनिराळे मसाले एकेक करून सुटतात. थंडीत आलात तर गराडू चुकवू नका. हा कंद, त्याच्या फोडी दोनदा तळतात, दुसऱ्या तळणीनंतर लिंबू पिळून जीरावन मसाला भुरभुरवतात. बाहेरून कुरकुरीत, आत पिठूळ, आणि बोटं भाजतात तरी थांबवत नाही. खव्याची तळलेली गोड मावाबाटी सहाजणांत दोन पुरे. आणि इथली शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे, सुकामेवा घातलेली दाट, दुधाची असते. ती मागवली तर रबडी नको.

सराफ्यात आजीआजोबा, कडेवर मुलं घेतलेल्या बायका असतात. तिथे झोकांड्या खात कुणी आलेलं आम्हा इंदूरकरांना आवडत नाही. दुकानातून बाटली घेऊन गाडीत बसायचाही बेत नको. दुकानालगत बसून प्यायच्या जागा, म्हणजे अहाते, १ एप्रिल २०२३ पासून बंद झालेत आणि रस्त्यावर पिणाऱ्यांना पोलीस उचलतात. रविवारी उज्जैनला जाणार असाल तर तिथे दारू मिळणार नाही. १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर धरून १९ धार्मिक ठिकाणी बंदी आहे.

प्रश्न : आम्ही नणंद-भावजय कामानिमित्त दोन दिवस इंदुरात आहोत. दोघींना वाइन आवडते. दोघींनीच बारमध्ये बसलेलं चालतं का? घरचे नको म्हणतात.
– एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : ताई, खुशाल बसा. तुम्ही उतरलात त्या हॉटेलात बार असेल तर तोच उत्तम, खोलीवर जायला फक्त लिफ्ट. बाहेर जायचं तर मोठ्या हॉटेलाचा बार निवडा, आणि शनिवारपेक्षा मंगळवार-बुधवार बरा. गाण्याच्या दणदणाटात दोघींना बोलताही येणार नाही, त्या पबच्या वाटेला जाऊ नका. टेबल काउंटर दिसेल असं मागा. बाटली तुमच्यासमोर उघडायला सांगा. ग्लासने घेत असाल तर बाटली कधी उघडली ते विचारा. उघडून तीन-चार दिवस झालेली रेड वाइन आंबूस लागते आणि तिचे पूर्ण पैसे देण्यात अर्थ नाही. टेबल सोडून गेलात तर परत येऊन तोच ग्लास तोंडाला लावू नका, नवा मागवा. निघताना कॅब पोर्चमध्येच बोलवा, गेटबाहेर रस्त्यावर उभ्या राहू नका. कुणी येऊन बसायला लागलं तर थेट कॅप्टनला हाक मारा, त्याचं ते कामच आहे. आमच्या वेळी अशा माणसाला उठवायला आम्हाला मॅनेजरचीही परवानगी लागत नसे. त्याउपर गरज पडली तर ११२. घरच्यांना जागेचं नाव आणि परतायची वेळ आधी सांगून ठेवा, त्यांचा अर्धा घोर तिथेच मिटेल.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा, इंदुरात वसतिगृहात आहे. मित्राचा वाढदिवस पबमध्ये करणार म्हणतो. नियम काय?
– एक वडील, देवास

उत्तर : मध्य प्रदेशात दारू पिण्याचं वय २१ आहे, बीअरलाही तेच. चांगल्या जागी दारातच ओळखपत्र बघतात. मित्राचं किंवा खाडाखोड केलेलं आधार कार्ड दाखवायचा सल्ला ही मुलं एकमेकांना देतात, तो गुन्हा आहे आणि पोलिसांत प्रकरण गेलं तर कॉलेजलाही कळतं. रागावून नको म्हटलंत तर तो न सांगता जाईल. त्यापेक्षा वाढदिवस छप्पन दुकान या खाऊगल्लीत करा म्हणावं : जॉनी हॉट डॉग, विजयचं खोपरा पॅटीस, मग सगळे मिळून सराफा. वीस पोरांचं पोट भरेल आणि पबच्या एका टेबलाएवढाही खर्च होणार नाही. छप्पन सराफ्याच्या आधी बंद होतं, तेव्हा आठला तिथे पोचायला सांगा, आणि जमलं तर केकचे पैसे तुम्ही पाठवा.