दुर्गम गावात डोळ्यांचे फोटो काढून दूरच्या डॉक्टरला पाठवले तर खरंच उपयोग होतो का? कॅमेरा कुठला घ्यावा?

होतो. कॅमेरा बरा बघून कुठलाही घ्या, आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातसुद्धा चालेल. अडतं ते फोटो काढून झाल्यावर, आणि ते आमच्याच घरात घडलंय म्हणून लिहायला बसले.

माझे काका सुर्लच्या बाजूला राहतात. काजू, थोडं कुळागर (सुपारीची बाग) आणि जुनी शुगर. गावात शिबिर लागलं तेव्हा मीच त्यांना ओढून नेलं. देवळाच्या मंडपात चादरी बांधून अंधार केला होता, कारण थेंब न घालता फोटो काढायचा तर बाहुली अंधारातच मोठी होते. तपासणारी मुलगी हुशार होती. काकांची हनुवटी टेकवून घेतली, समोरच्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं आणि लखकन उजेड पडला. स्क्रीनवर उजव्या डोळ्याचा पडदा आला: नारिंगी, त्यावर बारीक लाल टिपके आणि पिवळट डाग. डाव्याचा फोटो पुन्हा पुन्हा काढूनही धुरकटच, कारण मोतीबिंदू. काका म्हणाले, "मला सगळं दिसतंय गो, चल घरी." शुगरने पडदा खराब होतो तेव्हा सुरुवातीला असंच असतं, सगळं दिसत असतं.

डॉक्टरांचा अहवाल त्याच संध्याकाळी आला. रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या, डॉक्टरला ताबडतोब दाखवा. पण आला कुठे? काकांच्या मुलाच्या फोनवर, आणि तो होता बोटीवर. रेंज मिळेपर्यंत तो मेसेज ढीगभर मेसेजांखाली गाडला गेला. काकांना वाटलं, कोणी बोलावलं नाही म्हणजे ठीक असणार. शिबिरवाल्यांनी नंतर साधा फोनही केला नाही. पावसाळा सरता सरता एका सकाळी उजव्या डोळ्यापुढे काजळीच्या रेघा उतरल्या. आत रक्तस्राव. मग वाळपईचं इस्पितळ, तिथून बांबोळीचं मोठं सरकारी इस्पितळ, लेझर, इंजेक्शनं. आता त्या डोळ्याने माणूस ओळखतात, पेपर वाचता येत नाही.

माझा आतेभाऊ अशीच शिबिरं भरवतो (हे त्याचं नव्हतं). त्याचं पालुपद ठरलेलं: "आम्ही दारात मशीन नेतो, लोकच पुढे येत नाहीत." दर चवथीला आमचं यावरून वाजतं. अरे, रोजंदारी बुडवून, कदंबच्या (गोव्याच्या सरकारी) दोन बस बदलून, सोबत एक माणूस घेऊन बांबोळी गाठायची, तीही डोळा दुखत नसताना. कशासाठी जायचं हे तरी कोणी घरी येऊन सांगितलंय का? किती फोटो काढले ते तुझ्या बॅनरवर असतं. त्यातले किती जण उपचाराला पोचले ते एकदा छाप ना.

गरज नाही असं मुळीच नाही. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचं देशातलं सर्वाधिक प्रमाण गोव्यातच निघालं, २६.४ टक्के. आणि जमतं हेही दिसलंय. शेजारी कर्नाटकात २००८ पासून 'किड्रॉप' या उपक्रमाचे तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन ठरलेल्या वारी जिल्ह्यांतल्या इस्पितळांत जातात आणि अकाली जन्मलेल्या बाळांचे डोळे तपासतात. ठरलेल्या वारी, हे महत्त्वाचं. एकदा येऊन गायब होण्यात काय अर्थ आहे?

म्हणून कॅमेऱ्याआधी फोन करणारं माणूस नेमा. गावातली आशाताई असेल तर उत्तम, पण तिला त्याचे पैसे द्या. नंबर दोन घ्या, त्यातला एक घरात असणाऱ्या बाईचा. बांबोळीची तारीख आधी मिळवा, मगच गावात या.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. फोटो धूसर आला तर त्याला नॉर्मल म्हणू नका, तो माणूस डॉक्टरकडे गेलाच पाहिजे. काचबिंदूचा फोटोवरून फक्त संशय येतो, डोळ्याचा दाब आणि नजरेचा आवाका वेगळा तपासावा लागतो. आणि यंदा पडदा स्वच्छ निघाला तरी शुगरवाल्याने पुढच्या वर्षी परत यायचं, हे अहवालावरच मराठीत मोठ्या अक्षरात छापा.