मोरारजींवर लिहिणार असाल तर

तुम्ही लिहिलंय की १९५६ च्या गोळीबारात आजोबांच्या पायाला लागलं होतं, म्हणून तेव्हाचे मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्या वादांवर लेख करायला घेतलाय, पण संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचा आकडा कुठे १०५, कुठे १०६, कुठे १०७ आणि सरकारी ऑफिसात कोणी दाद देत नाही. वाचून हसूच आलं, सेम टू सेम अनुभव आहे माझा. मी इतिहासकार वगैरे नाही हो, बँकेतून रिटायर झालेला माणूस, तेव्हा पटेल तेवढंच घ्या.

संयुक्त महाराष्ट्र, फ्लोरा फाउंटन हे तुम्हाला सांगायला नकोच. ऑफिसचं सांगतो, नाव घेत नाही. मला जानेवारी १९५६ चे कागद हवे होते. खिडकीवरचा म्हणाला फाइल नंबर आणा, नंबर असतो रजिस्टरात आणि रजिस्टर बाइंडिंगला गेलेलं. ते आलं तर साहेब रजेवर, साहेब आले तर म्हणे प्राध्यापकांचं शिफारसपत्र लागेल, अहो मी कुठल्या कॉलेजात आहे? शेवटी घरी पत्र आलं, ‘विषय सुस्पष्ट नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ तोवर दिवाळी अंक छापून बाजारात आला होता, माझा लेख सोडून. अजून ते पत्र बघितलं की डोकं फिरतं.

तेव्हा त्या खिडकीच्या भरवशावर बसू नका. लोकसभेची छापील कार्यवाही आता नेटवर फुकट मिळते, ती तारखेने शोधा, विषयाने शोधलंत तर हाती काही लागत नाही. जुलै १९५६ काढा. सी. डी. देशमुख केंद्रात अर्थमंत्री असून मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देतात आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी का नाही केली म्हणून स्वतःच्याच सरकारला भर सभागृहात सुनावतात. माझ्या मते कुठल्याही फाइलीपेक्षा हा कागद भारी आहे. २० नोव्हेंबर १९५५ च्या चौपाटीच्या सभेतली वाक्यं मात्र अवतरणात टाकू नका, मुंबई काँग्रेसचे पुढारी स. का. पाटलांचं वाक्य मोरारजींच्या तोंडी आणि उलटं, असा गोंधळ सर्रास आहे. दुसऱ्या दिवशीचा पेपर लायब्ररीत बघा, एक नको, दोन बघा.

आता माझं स्पष्ट मत, चिडणारे चिडोत. ‘गुजराती मोरारजींनी मराठी माणसावर गोळ्या झाडल्या’ एवढ्यावर लेख संपवू नका. ऑगस्ट १९५६ मध्ये मराठी-गुजराती मिळून एकच द्विभाषिक मुंबई राज्य ठरलं तेव्हा अहमदाबादेत काँग्रेस हाऊससमोर पोरांवर गोळीबार झाला, गुजराती पोरं गेली आणि मुख्यमंत्री हेच होते. नंतर तिथे जाऊन हे उपोषणाला बसले तर लोकांनी त्यांच्या सभेकडे पाठ फिरवली. म्हणजे भाषेपेक्षा हट्टाचा आणि दंडुक्याचा भाग मोठा होता. यात त्यांचा बचाव नाही हां, मी गिरगावचा आहे, आमच्या घरात त्यांचं नाव घेतलं तरी वडील ताटावरून उठायचे.

दुसरं म्हणजे सीआयएचा, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेचा खबऱ्या असल्याचा आरोप. अमेरिकन पत्रकार सेमूर हर्श यांनी १९८३ च्या पुस्तकात लिहिलं की मोरारजी पैसे घेऊन माहिती द्यायचे. मोरारजींनी ५ कोटी डॉलरचा बदनामीचा दावा ठोकला, १९८९ ला शिकागोच्या ज्युरीने हर्श यांच्या बाजूने कौल दिला. झालं, लोक लगेच ‘कोर्टात सिद्ध झालं’ म्हणून मोकळे! तसं नाहीये. तिथल्या कायद्यात सार्वजनिक व्यक्तीला दाखवावं लागतं की समोरच्याने खोटं आहे हे ठाऊक असून किंवा खऱ्याखोट्याची पर्वा न करता छापलं, ते दाखवता नाही आलं की दावा गेला. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री किसिंजर यांनी तर साक्षीत सांगितलं की त्यांच्या माहितीप्रमाणे मोरारजी पगारी खबरे नव्हते. आरोप झाला, दावा हरले आणि आरोप सिद्ध झाला या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, एका वाक्यात कोंबू नका. (कायद्याचं एखाद्या वकिलाकडून तपासून घ्या, मी वकील नाही.)

१९६६ ला पंतप्रधानपदाच्या निवडीत इंदिराबाईंकडून ३५५ विरुद्ध १६९ ने हरणं, १९६९ ला अर्थखातं काढून घेणं, चिरंजीव कांतीभाईंवरून चरणसिंगांशी वाजलेलं, हे सगळीकडे मिळतं, दोन परिच्छेदांत उरका.

त्यापेक्षा सोनं घ्या, त्यावर मराठीत फार कमी लिहिलं जातं. जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी केंद्रात अर्थमंत्री असताना, १४ कॅरेटच्या वर दागिना घडवायलाच बंदी, चीन युद्धानंतर सोन्याची हाव कमी व्हावी म्हणून. हाव राहिली तिथेच, गावोगावचे सोनार मात्र बसले, काहींनी जीव दिला. आमच्या चाळीतले सोनारकाका भट्टी विझवून गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. तुमच्या नात्यात, ओळखीत सोनारकाम करणारं जुनं घर असेल तर आधी त्यांच्याकडे जा, फोन रेकॉर्डिंगवर ठेवा आणि त्या काळातली जुनी पावती आहे का विचारा, कॅरेट लिहिलेली सापडली तर लेखात फोटो टाका.