बचत गटाचा लोगो गिंपमध्ये उघडल्यावर कडा का फाटतात?

आपली अडचण मला अशी समजली. बचत गटाच्या तूरडाळीच्या पाकिटासाठी डिझायनरने लोगोच्या एसव्हीजी, ईपीएस आणि सीडीआर अशा तीन फाइली दिल्या. एसव्हीजी गिंप या फोटो सुधारण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडली तेव्हा लोगो अगदी लहान आला, तो मोठा केला तर कडा फाटल्या आणि मराठी अक्षरेही भलतीच दिसली. ईपीएसच्या कडा दातेरी आल्या आणि सीडीआर उघडलीच नाही. आता त्याच लोगोवरून 8 बाय 4 फुटांचा फ्लेक्स करायचा आहे, तेव्हा गिंप या कामाचे आहे की नाही, असे आपण विचारले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी डीटीपीचे, म्हणजे छपाईसाठी संगणकावर मजकूर-चित्रांची मांडणी करण्याचे, काम करतो. पाकिटांची लेबले, लग्नपत्रिका आणि फ्लेक्स हे माझे रोजचे काम असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

गिंप या कामाचे आहे, मात्र ते व्हेक्टर फाइल व्हेक्टर म्हणून उघडत नाही, ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. एसव्हीजी किंवा ईपीएससारख्या व्हेक्टर फाइलमध्ये तयार चित्र नसून चित्र कसे काढायचे याच्या सूचना असतात: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत वक्ररेषा, आत हा रंग, कडेला एवढ्या जाडीची रेघ. गिंप या सूचना एकदाच वाचते, आपण सांगितलेल्या आकारात त्यांचे पिक्सेलमध्ये, म्हणजे बारीक रंगीत ठिपक्यांमध्ये, चित्र काढते आणि सूचना बाजूला ठेवते. पुढे आपल्यासमोर असतात ते फक्त पिक्सेल. शिंप्याने एकदा कापड बेतून कापले की माप वाढवता येत नाही, तसेच हे आहे. म्हणून आकाराचा निर्णय फाइल उघडण्यापूर्वी झालेला असला पाहिजे. उघडल्यानंतर ओढून मोठा केलेला लोगो फाटणारच, आणि त्यात डिझायनरचा दोष नाही.

एसव्हीजी उघडताना गिंप एक लहान चौकट दाखवते. तिच्यात रुंदी, उंची आणि रेझोल्यूशन (दर इंचाला किती पिक्सेल) विचारलेले असते, आणि बहुतेक जण ती न वाचताच ओके दाबतात. आपला लोगो लहान का आला, याचे उत्तर याच चौकटीत आहे. गिंपच्या 2.10 मालिकेत येथे रेझोल्यूशन आधीच 90 भरलेले असते. डिझायनरने लोगो 50 मिलिमीटर रुंदीचा केला असेल, तर 90 च्या हिशेबाने तो साधारण 177 पिक्सेलचा येतो, म्हणजे 1366 पिक्सेल रुंदीच्या लॅपटॉपच्या पडद्यावर आठव्या हिश्श्याएवढा. माझी पद्धत अशी आहे की रेझोल्यूशनच्या भानगडीत न पडता रुंदीच्या रकान्यात हवे तेवढे पिक्सेल थेट लिहावेत. शेजारचे साखळीचे चिन्ह जोडलेले असले की उंची त्या प्रमाणात आपोआप बदलते.

किती पिक्सेल लिहायचे, याचा हिशेब सोपा आहे: छापील रुंदी इंचांत घ्यायची आणि तिला दर इंचाच्या पिक्सेलने गुणायचे. पाकीट हातात धरून वाचले जाते, त्यामुळे तेथे 300 लागतात. लोगो 3 इंचांचा असेल तर 900 पिक्सेल पुरतात. फ्लेक्स दुरून पाहिला जातो, तेथे 72 सहसा पुरतात. पण फ्लेक्सवर लोगो 3 फुटांचा ठेवणार असाल तर 36 गुणिले 72, म्हणजे 2592 पिक्सेल लागतील. पाकिटासाठी उघडलेला 900 पिक्सेलचा लोगोच फ्लेक्सवर ताणला तर तो जवळजवळ तिप्पट ताणला जातो. म्हणून प्रत्येक कामासाठी मूळ एसव्हीजी नव्याने उघडावी, आधीच्या कामातला लोगो उचलून आणू नये.

आता मराठी अक्षरांकडे येतो, कारण आपल्या भागात सर्वांत जास्त कामे येथेच बिघडतात. एसव्हीजी ही साधी मजकुराची फाइल असते, त्यामुळे ती नोटपॅडमध्ये उघडून पाहता येते. ती एकदा तशी पाहावी, असा माझा आग्रह आहे. फक्त काही न बदलता आणि सेव्ह न करता बंद करावी. सुरुवातीलाच रुंदी आणि उंची लिहिलेली दिसेल. खाली टोकदार कंसात ‘पाथ’ असा शब्द आणि त्यापुढे आकड्यांच्या लांबच लांब ओळी असतील, तर तो भाग आकृतीचा आहे आणि तो कोणत्याही संगणकावर सारखाच दिसेल. ‘टेक्स्ट’ असा शब्द सापडला, तर अक्षरे अजून अक्षरेच आहेत आणि ती दिसण्यासाठी तोच फॉन्ट आपल्या संगणकावर असणे आवश्यक आहे. त्या जागी गटाचे नाव देवनागरीत वाचता येत असेल तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या अक्षरपद्धतीत, आहे. फॉन्ट नसला तरी नाव वाचता येईल, फक्त वळण बदलेल. पण नावाच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची अर्थहीन रांग दिसली, तर मजकूर कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. असा फॉन्ट नसेल तर गिंप तीच रोमन अक्षरे चित्रात काढते. आपण ‘भलतीच अक्षरे’ म्हणता ती बहुधा हीच असावीत.

यावर उपाय डिझायनरकडेच आहे. त्यांना ‘अक्षरे कर्व्ह करून द्या’ एवढे सांगितले की पुरते. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरे निवडून कंट्रोल आणि क्यू दाबले की अक्षरांच्या आकृत्या होतात. मात्र त्याआधी गटाचे नाव, गाव आणि तालुका यांचे शुद्धलेखन कोणा जाणत्याकडून तपासून घ्यावे, कारण कर्व्ह केल्यावर एक वेलांटीसुद्धा टाइप करून बदलता येत नाही. कर्व्ह केलेली फाइल आणि ओपन फाइल (जिच्यात अक्षरे अजून बदलता येतात ती), दोन्ही मागून घ्याव्यात. डिझायनर नागपूरला किंवा पुण्याला असेल आणि वर्षभराने त्याचा फोन लागला नाही, तर ओपन फाइलच कामी येते.

नोटपॅडमध्ये आणखी एक गोष्ट तपासावी. पाथ जवळजवळ नसतील आणि ‘इमेज’ या शब्दापुढे ‘बेस64’ लिहून पानेच्या पाने अगम्य अक्षरे असतील, तर कोणीतरी साधा जेपीजी किंवा पीएनजी फोटोच एसव्हीजीच्या वेष्टनात घालून दिला आहे. अशी फाइल कितीही मोठ्या आकारात उघडली तरी फाटेल. नावापुढे एसव्हीजी असले म्हणजे आत व्हेक्टर असतेच असे नाही, आणि पैसे मोजण्यापूर्वी हे पाहून घेण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे.

ईपीएस फाइल गिंप घोस्टस्क्रिप्ट या वेगळ्या प्रोग्रॅमच्या मदतीने वाचते. तेथेही आकार आणि रेझोल्यूशन विचारले जाते, आणि जोडीला अँटिएलियासिंग, म्हणजे कडा गुळगुळीत करण्याची सोय, मजकुरासाठी व आकृत्यांसाठी वेगवेगळी असते. ती दोन्हीकडे ‘स्ट्राँग’ ठेवली की दातेरीपणा जातो. एसव्हीजी आणि ईपीएस दोन्ही हाताशी असतील तर मी एसव्हीजीच घेतो. इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची एआय फाइल आली तर ती बहुतेक वेळा पीडीएफसारखी उघडते, कारण तिच्या आत पीडीएफची प्रत ठेवलेली असते. ती न ठेवता सेव्ह केलेली असेल तर लोगोऐवजी इंग्रजी सूचनेचे पान दिसते, आणि तेव्हा फाइल पुन्हा मागवणे हाच मार्ग उरतो.

सीडीआर ही कोरलड्रॉची स्वतःची फाइल आहे आणि गिंप ती उघडत नाही. फोटोशॉपही उघडत नाही. इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर बऱ्याच सीडीआर फाइली उघडते, पण रंगछटा आणि सावल्या कधी कधी जागच्या हलतात, म्हणून उघडल्यावर ती मूळ लोगोच्या छापील प्रतीशी ताडून पाहावी.

फ्लेक्सबद्दल माझे मत स्पष्ट आहे: संपूर्ण फ्लेक्स गिंपमध्ये रचू नये. 8 बाय 4 फूट म्हणजे 72 च्या हिशेबाने 6912 बाय 3456, जवळजवळ 2 कोटी 39 लाख पिक्सेल होतात आणि एकेका थराला (लेयरला) 95 एमबीच्या आसपास जागा लागते. थर वाढत गेले की 4 जीबी रॅमचा संगणक अडखळतो, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. गिंपमध्ये फक्त फोटोचे काम करावे: तुरीच्या शेताचा किंवा गटातील महिलांचा फोटो उजळ करणे, नको तो भाग कापणे. मग तो फोटो इंकस्केपमध्ये आणावा, लोगोची एसव्हीजी तेथेच आयात करावी, मजकूर तेथेच लिहावा आणि शेवटी पीडीएफ काढावी. अशाने लोगो आणि अक्षरे छपाईपर्यंत व्हेक्टरच राहतात. फोटोशॉप वापरणाऱ्यांना ‘प्लेस’ करून लोगो स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून आणता येतो आणि त्यात मूळ सूचना टिकतात, गिंपच्या 2.10 मालिकेत ही सोय नाही.

पाकिटाचे लेबल मात्र गिंपमध्ये खुशाल करावे. एसव्हीजी उघडताना ‘इंपोर्ट पाथ्स’ या खुणेवर टिचकी दिली तर लोगोच्या बाह्यरेषा पाथ म्हणून वेगळ्या मिळतात. डाळीच्या कट्ट्यांवर (पोत्यांवर) एकरंगी छाप मारायचा असेल तर त्या पाथवरून निवड करून आत एकच रंग भरता येतो. लोगोची पार्श्वभूमी पारदर्शक राहायला हवी असेल तर पीएनजीमध्ये काढावे, कारण जेपीजीत पारदर्शकता टिकत नाही आणि रंगीत पाकिटावर लोगोभोवती चौकोन उमटतो. रंगांबाबतही सावध असावे: पडद्यावरचा भडक हिरवा किंवा केशरी शाईत तसाच उतरत नाही, म्हणून सगळी पाकिटे छापण्याआधी प्रेसवाल्याकडून एक नमुना काढून घ्यावा आणि तो दिवसाच्या उजेडात पाहावा.