वॉटरगेटमध्ये पकडले गेलेले लोक नेमके कोण होते, आणि एका फसलेल्या घरफोडीमुळे निक्सन यांना राष्ट्राध्यक्षपद का सोडावे लागले?

आपण विचारले आहे की वॉशिंग्टनमधील वॉटरगेट इमारतीत, विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात, शिरलेले पाच जण साधे चोर होते की सरकारी हेर, आणि ज्या घरफोडीतून काहीच निष्पन्न झाले नाही तिच्यापायी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना पायउतार का व्हावे लागले. माझ्या मते याचे उत्तर ते पाच जण पकडले गेले त्या १७ जून १९७२ च्या रात्रीत नाही. ते त्याच्या नऊ महिने आधी, कॅलिफोर्नियातील एका मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्यात आहे.

जून १९७१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने व्हिएतनाम युद्धाविषयीचा संरक्षण खात्याचा गुप्त अहवाल छापण्यास सुरुवात केली. तो लष्करी विश्लेषक डॅनियल एल्सबर्ग यांनी फोडला होता. संतापलेल्या निक्सन यांना एफबीआयचा तपास पुरेसा वाटेना, म्हणून जुलैमध्ये व्हाइट हाउसने स्वतःचेच एक पथक उभे केले. शेजारच्या सरकारी इमारतीतील १६ क्रमांकाच्या खोलीत ते बसे, आणि काम 'गळती' थांबवण्याचे असल्यामुळे त्याला 'प्लंबर' हे नाव पडले. एगिल क्रोग आणि डेव्हिड यंग हे त्याचे प्रमुख. त्यांच्या वर राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार जॉन अर्लिकमन. प्रत्यक्ष हात चालवणारे दोघे होते : सीआयएतून निवृत्त झालेले आणि फावल्या वेळात हेरकथा लिहिणारे हॉवर्ड हंट, आणि एफबीआयमध्ये पूर्वी नोकरी केलेले गॉर्डन लिडी.

एल्सबर्ग यांची बदनामी करता यावी म्हणून त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडील, डॉ. लुइस फील्डिंग यांच्याकडील, कागद मिळवायचे ठरले. अर्लिकमन यांनी लेखी संमती दिली, मात्र माग आपल्यापर्यंत पोहोचणार नाही याची हमी मिळाल्यास, एवढ्या एका अटीवर. हे कृत्य कायदेशीर आहे का, हा प्रश्न त्या टिपणात कुठेच नाही, आणि मला संपूर्ण प्रकरणात तीच ओळ सर्वांत बोलकी वाटते. सीआयएने हंट यांना केसांचा टोप, खोटी ओळखपत्रे आणि छुपा कॅमेरा पुरवला. इतकेच नव्हे, तर पाहणीच्या वेळी काढलेली छायाचित्रेही धुऊन दिली, ज्यांपैकी एकात खुद्द लिडी दवाखान्याबाहेर उभे आहेत! ३ सप्टेंबर १९७१ च्या रात्री मायामीतील तीन क्यूबन निर्वासितांनी दवाखाना फोडला. हाती काही लागले नाही.

थोडे विषयांतर वाटेल, पण भारतीय वाचकाला माहीत असावे असे याच पथकाचे आणखी एक काम आहे. डिसेंबर १९७१ च्या बांगलादेश युद्धात अमेरिका पाकिस्तानकडे झुकत असल्याचे दाखवणारी गुप्त बैठकांची इतिवृत्ते पत्रकार जॅक अँडरसन यांनी छापली, तेव्हा ती कोणी फोडली हे शोधण्याचे काम यंग यांच्याकडे आले. शोधता शोधता वेगळेच निघाले : नौदलाचा एक कारकून राष्ट्राध्यक्षांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर यांचे कागद चोरून स्वतःच्याच सेनाप्रमुखांना पोहोचवत होता. निक्सन यांनी ते प्रकरण दाबून टाकले.

१९७२ हे निवडणुकीचे वर्ष. लिडी आता निक्सन यांच्या पुनर्निवडणूक समितीत गेले होते, आणि जानेवारीत त्यांनी देशाच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या, म्हणजे कायद्याच्या सर्वोच्च रक्षकाच्या, कार्यालयात बसून फोन टॅपिंग, अपहरण आणि वेश्यांचा वापर यांचा समावेश असलेली दहा लाख डॉलरची योजना मांडली. कोणीही त्यांना हाकलून दिले नाही. खर्च फार आहे, एवढेच सांगितले. अखेर अडीच लाखांची आवृत्ती पुढे गेली. डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात पकडलेल्या पाच जणांपैकी बर्नार्ड बार्कर आणि युजेनियो मार्टिनेझ हे दोघे फील्डिंग यांचा दवाखाना फोडणारेच होते, तर जेम्स मॅकॉर्ड हे सीआयएचे माजी अधिकारी आणि समितीचे सुरक्षाप्रमुख होते. म्हणजे आपल्या प्रश्नातील दोन्ही पर्याय अपुरे आहेत : त्या रात्री ते सरकारी नोकर नव्हते, पण शिक्षण, ओळखी आणि सवयी सरकारी गुप्तहेरांच्याच होत्या.

आता दुसरा भाग. केवळ वॉटरगेटचाच प्रश्न असता, तर अतिउत्साही कार्यकर्त्यांवर ढकलून हात झटकता आले असते. परंतु आरोपींच्या वहीत हंट यांचे नाव निघाले, आणि हंट बोलले असते तर फील्डिंग प्रकरण थेट व्हाइट हाउसच्या दारात आले असते. व्हाइट हाउसमधील संभाषणे ध्वनिमुद्रित होत असत; २३ जून १९७२ च्या ध्वनिफितीत निक्सन हेच म्हणतात : या हंटची खपली काढली तर बरेच काही बाहेर येईल. त्याच संभाषणात त्यांनी सीआयएकरवी एफबीआयचा तपास थांबवण्यास मान्यता दिली. पुढे आरोपींना गुपचूप पैसे पोहोचू लागले. मार्च १९७३ मध्ये हंट यांनी सव्वा लाखाच्या आसपास डॉलर मागितले आणि ते न मिळाल्यास अर्लिकमन यांच्यासाठी केलेली गलिच्छ कामे उघड करण्याची धमकी दिली; २१ मार्चच्या रात्री त्यांच्या वकिलाकडे ७५ हजार डॉलर पोहोचले.

एवढे करूनही एप्रिलमध्ये फील्डिंग प्रकरण एल्सबर्ग यांच्या खटल्यात उघड झालेच, आणि ११ मे १९७३ रोजी न्यायाधीशांनी त्यांच्यावरील सर्व आरोप रद्द केले. अर्लिकमन पुढे याच दवाखान्याच्या कटात दोषी ठरले. तपास अडवण्यात खुद्द निक्सन सामील असल्याचे दाखवणारी २३ जूनची ध्वनिफीत ५ ऑगस्ट १९७४ रोजी जाहीर झाली, आणि चार दिवसांनी निक्सन व्हाइट हाउस सोडून गेले. डॉ. फील्डिंग यांचे ते फोडलेले कागदपत्रांचे कपाट आज वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहात आहे.