भट्टी नवी, भांडी फुटली

प्रश्न : मातीकामाचा वर्ग केल्यावर मी घरी छोटी इलेक्ट्रिक भट्टी घेतली. पहिल्याच भाजणीत बारापैकी चार भांडी गेली, दोन तर ठिकऱ्या होऊन. वर्गात सांगायचे, मातीत हवेचा बुडबुडा राहिला की भांडं फुटतं. पण आमच्या गावचे कुंभारकाका गोवऱ्या-पाचटात ढीगभर मडकी भाजतात आणि त्यांची एखाददुसरीच जाते. माझं काय चुकतंय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, ठिकऱ्या झालेल्या त्या दोन भांड्यांचं बूड जाड होतं ना? बुडबुड्याला लोक उगाच बदनाम करतात. भांडं फोडते ती वाफ. वरून खडखडीत वाटणाऱ्या भांड्याच्या बुडात ओल असतेच. १००° सेल्सिअस ओलांडलं की त्या पाण्याची सुमारे १,६०० पट जागा व्यापणारी वाफ होते, आणि तिला बाहेर पडायला वाट नसली की ती भिंत फोडते.

भांडं गालाला लावून बघा. गार लागलं तर अजून ओलं आहे. मग भट्टी ८०-९० अंशांवर रात्रभर ठेवा आणि सकाळी वरच्या भोकासमोर आरसा धरा. आरशावर वाफ धरली तर अजून थांबा. पुढे ६०० पर्यंत तासाला शंभराच्या वर जाऊ नका. मातीच्या कणांत बांधलेलं पाणी साधारण ४५० ते ६०० च्या दरम्यान सुटतं, शिवाय ५७३ ला मातीतली गारगोटी एकदम फुगते. ते पार पडलं की १,००० पर्यंत जरा वेगाने गेलात तरी चालेल.

आता कुंभारकाकांचं. माझं माहेर कुंभाराचंच. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा माती मळताना राख आणि घोड्याची लीद घालत. लीद जळून गेली की अंगात बारीक भोकं राहतात, त्यातून वाफ गुपचूप निघून जाते. मडकं थापटण्याने ठोकून पातळ केलेलं. तुमच्या गुळगुळीत, घट्ट मातीला आणि बोटभर जाड बुडाला ही सोय नाही. आवा, म्हणजे भाजायच्या मडक्यांचा ढीग, रचला की दादा आधी नुसता धूर करत. आम्हा पोरांचे डोळे चुरचुरायचे आणि आम्ही कुरकुर करायचो, पण तुमची आरशाची रात्र ती आमची हीच. मग गवत, पाचट, वर राख आणि खापऱ्यांचं पांघरूण. आत ७००-८०० अंश होत असतील. दादांकडे आकडा नव्हता, फटीतून दिसणारा रंग होता.

आवा सगळीकडे सारखा तापत नाही, कडेचं एखादं मडकं कच्चं राहतंच. राका कुंभाराच्या गोष्टीत मांजरीची पिल्लं असलेलं मडकं नेमकं कच्चं राहतं आणि पिल्लं वाचतात. आजी ती भक्तिभावाने सांगायची. दादा हळूच म्हणायचे, "कडेला लावलं असेल."

कमी आचेमुळेच काकांचा माठ पाझरतो आणि पाणी गार होतं. तुमची भट्टी १,२०० ला नेऊन स्टोनवेअर केलंत तर भांडं कपासारखं पक्कं होईल, पण त्यात पाणी गार होणार नाही. तेव्हा माठ काकांकडूनच घ्या.

आणि एक, कारण हे तुम्हीही कराल. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी २५० ला झाकण उघडलं. घाई होती, काय करणार! सहा थाळ्या बाहेर काढल्या, ओट्यावर ठेवल्या. पहिलीने टिण् केलं, मग दुसरीने. चहा होईपर्यंत चार तडकल्या होत्या. गारगोटी तापताना फुगते तशी निवताना आकसते, आणि त्याखालीही २२५ च्या आसपास उंच भाजलेल्या मातीत असाच एक झटका बसू शकतो. म्हणून शंभराच्या खाली, हात लावता येईल तेव्हाच उघडा.

पुढची भाजणी लावण्याआधी मात्र मेन स्विच बंद करून कॉइलच्या खाचांतले तुकडे मऊ ब्रशने झाडून काढा. तुमच्या दोन भांड्यांच्या ठिकऱ्या तिथे नक्की अडकल्या असतील, आणि तुकडा राहिला तर कॉइल तिथेच खराब होते.