भूमिती श्रेढीच्या बेरजेचं सूत्र पाठ आहे, पण ते येतं कुठून?

तुझा प्रश्न असा: अकरावी सायन्सला जी.पी.च्या, म्हणजे भूमिती श्रेढीच्या, बेरजेचं सूत्र a(rⁿ – 1)/(r – 1) पाठ केलं (a पहिलं पद, r गुणोत्तर, n पदांची संख्या), गणितं सुटतात, पण ते सूत्र असंच का, हे कळत नाही. दहावीपर्यंत मराठीतून शिकून आलेली आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या खेड्यांतली पोरं मला हेच विचारतात. प्रश्न अगदी योग्य आहे.

आपल्याकडची दिढी घे. पेरणीला १०,००० उचलले, की माल निघाल्यावर १५,००० द्यायचे. थकले की त्यावर पुन्हा दीडपट: २२,५००, मग ३३,७५०, मग ५०,६२५. दर वेळी १.५ ने गुणायचं, ही झाली भूमिती श्रेढी; यातली प्रत्येक संख्या म्हणजे पद आणि १.५ हे गुणोत्तर. दरसाल ५,००० च वाढले असते तर ती अंकगणिती. (व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये हा जुना दामदुप्पटीचा नियम कशासाठी होता, ते इथे दिसतं. दिढीत दुसऱ्याच वर्षी दुप्पट ओलांडते.)

आता बेरीज. समज, एका कास्तकाराने चार वर्षं दर पेरणीला १०,००० उचलले आणि एक पैसाही फेडला नाही. चौथ्या वर्षी पैसे उचलल्याबरोबर त्याच्या डोक्यावर किती?

१०,००० + १५,००० + २२,५०० + ३३,७५०

या अख्ख्या ओळीला १.५ ने गुण आणि उत्तर तिच्याखाली लिही:

१५,००० + २२,५०० + ३३,७५० + ५०,६२५

इथे थांब आणि दोन्ही ओळी नीट बघ. मधल्या तिन्ही संख्या दोन्हीकडे त्याच आहेत. खालच्या ओळीतून वरची वजा केली की त्या उडतात आणि उरतात फक्त दोन टोकं: ५०,६२५ – १०,००० = ४०,६२५. दीडपट बेरजेतून बेरीज गेली म्हणजे राहिली अर्धी बेरीज. म्हणून पूर्ण बेरीज ८१,२५०.

तुझं सूत्र म्हणजे हीच वजाबाकी. अंशात दोन टोकांमधला फरक, छेदात गुणोत्तर वजा १. चार पदांऐवजी चाळीस असली तरी मधलं सगळं असंच उडतं. वहीत एकदा ३ गुणोत्तर घेऊन स्वतः करून बघ, पाठ करायची गरज उरणार नाही.

गुणोत्तर १ असेल तर मात्र छेद शून्य होतो. तिथे सूत्र लावू नकोस, पहिलं पद गुणिले पदांची संख्या, झालं.

आणि गुणोत्तर १ पेक्षा लहान धन संख्या असेल तर पुढची पदं झिजत शून्याकडे जातात, म्हणून न संपणाऱ्या पदांचीही बेरीज मिळते: पहिलं पद भागिले (१ वजा गुणोत्तर). ०.३ + ०.०३ + ०.००३... मध्ये गुणोत्तर ०.१, म्हणून ०.३ भागिले ०.९, म्हणजे नेमके एक तृतीयांश.